बिनभांड्याचा स्वयंपाक

सिकंदराबाद,
ता. १२ डिसेंबर १९५३

चि. वच्छीस अंकुशचा आशीर्वाद.

लिहायला माझा हात अजून जड हाय. तू मास्तरीण झालीस म्हणून चुका काढत बसू नको. रजा मंजूर झाली. संक्रांत गावाकडं आईजवळ करून मी बिदरला येतो आणि तिथून मोटारीनं तुझ्याकडं हळ्ळीखेडला. एकच दिवस मिळायलाय. पुढं आमची पलटण जम्मूकडं जायलीय, मग दोन वर्षं तरी भेट न्हाई.

एक मागायचंय. हसू नको. मेसमधी मी साहेब लोकांना वाढतो, हे तुला ठावं हाय. शनवारी त्यांचं एक ठरलेलं जेवण असतंय. त्याला इस्टेक म्हणतेत. मांसाचा तळहाताएवढा जाड तुकडा, मीठ-मिरी लावून तापल्या लोखंडावर टाकायचा. रस्सा न्हाई, मसाला न्हाई. चर्र करून एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं. आणि संगं आलू, बोटावानी उभे कापून दोनदा तळलेले. वरून कुरकुरीत, आतून लोण्यावानी. झालं जेवण. तीन वर्षं झाली, पाठीमागं हात बांधून मी ते बघायलोय. साहेबांचं मोठ्या जनावराचं असतंय, ते मला नको. आपण बोकडाच्या मांडीचं करू. मांस मी बिदरहून आणतो. तू करायचं आणि मी बसून खायचं.

आईला सांगितलं तर ती रश्शात बुडवून टाकील. आणि मला तुझ्या घरी जेवायचंय, तुझ्या नोकरीच्या गावात. एवढी वर्षं गुरं राखली ती त्याच्यासाठीच, असं समज.

करशील न्हवं?

तुझा दादा,
अंकुश


हळ्ळीखेड,
ता. १८ डिसेंबर १९५३

प्रिय निलम्मास, सप्रेम नमस्कार.

दादाचं पत्र आलं आहे. वर्गात मुली पाढे म्हणतात आणि मी मनात दुसराच गुंता सोडवत बसते. काल सातचा पाढा मुलींनी दोनदा म्हटला, माझ्या लक्षातच आलं नाही.

दादाला माझ्या घरी मांसाचं जेवण हवं आहे. आमच्या घरात अक्षर शिकलेली मी पहिली, आणि ते कसं झालं हे तुला माहीत आहे. अप्पा म्हणाले होते, पोरगी शाळेत गेली तर गुरांमागं कोण जाईल? दादा म्हणाला, मी जातो. तो गेला आणि मी बिदरच्या शाळेत तुझ्या शेजारी येऊन बसले. त्यानं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागितलं, ते नेमकं हे.

आता माझी अडचण ऐक. ही खोली तुझ्या मावशींनी मला तुझ्या शब्दावर दिली. तू त्यांना म्हणाली होतीस, "पोरगी मराठ्याची आहे, पण तुमच्या उंबऱ्याच्या आत मांस येणार नाही, हा माझा शब्द." अव्वा (रुद्रम्मांना मी आता अव्वाच म्हणते) लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरात मला एक कोपरा आणि अर्धी फळी दिली आहे. माझा तवा त्यांच्या तव्याशेजारी टांगलेला असतो. एवढा विश्वास आहे.

आणि ही खोली गेली तर दुसरी नाही. एकट्या बाईला जागा देणारं दुसरं घर या गावात नाही. माझ्या आधीच्या बाई जागा नाही म्हणूनच परत गेल्या आणि मुलींची शाळा वर्षभर कुलपात राहिली. म्हणजे खोली गेली की माझी नोकरी गेली आणि मुली पुन्हा शेण गोळा करायला गेल्या. हे सगळं एका मांसाच्या तुकड्यापायी.

मला वाटतं, अव्वांना सरळ विचारावं. पण शब्द तुझा आहे, म्हणून आधी तुला विचारते. तू नको म्हणालीस तर दादाला तसं लिहीन.

उत्तर लवकर धाड.

तुझी,
वच्छला


गुलबर्गा,
ता. २४ डिसेंबर १९५३

प्रिय वच्छी,

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की दुकानातून हे आत आले आणि म्हणाले, "काय झालं, कुणाचं लग्न ठरलं काय?" मी सांगितलं, माझ्या मैत्रिणीला एका बोकडाच्या मांडीनं धरलंय.

अगं, विचारायचं काय त्यात? विचारलंस की मेलीस. माझ्या मावशीला तू चार महिने ओळखतेस, मी जन्मापासून. तुझ्या आधी तहसिलातला एक कारकून त्या खोलीत होता. त्यानं अंडी खाल्ली म्हणून तिनं त्याचं अंथरूण उचलून रस्त्यावर ठेवलं. नुसती अंडी! तू तर मांडी म्हणायलीस.

माझं ऐक. ओढ्याच्या पलीकडे मावशीचं पडीक रान आहे, तिकडे काळं कुत्रंसुद्धा जात नाही. तिथे भावाला घेऊन जा, काय करायचं ते कर, ओढ्यात हातपाय धू, डोक्यावरून पाणी घे आणि घरी ये. मावशी विचारेल, कुठे होतीस? सांग, भावाला हुरडा खाऊ घातला. जे कळलं नाही ते झालं नाही. नाहीतर सरळ त्याला हुमनाबादला खानावळीत घेऊन जा.

तू लहानपणीही अशीच होतीस. गुरुजींनी न बघितलेली चूक तूच उठून दाखवायचीस आणि छडी खायचीस, आणि शेजारी बसल्याबद्दल मलाही मिळायची.

विचारू नको. शपथ आहे तुला. शब्द माझा आहे, आणि सासरी आले तरी माहेरी माझं नाक अजून तेवढंच आहे.

तुझी,
निलम्मा


हळ्ळीखेड,
ता. ९ जानेवारी १९५४

प्रिय निलम्मास,

मी विचारलं.

रागावू नको, आधी सगळं वाच. तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस तसं करायचं ठरवूनही पाहिलं. पण हुरडा म्हणून सांगायचं, तर त्या विचारणार, कणसं कुठल्या शेतातली? मग शेत सांगायचं, मग त्या शेताच्या मालकिणीला सांगून ठेवायचं. एका खोट्याला किती माणसं लागतात! माझ्याकडे तेवढी नाहीत.

अव्वा ओसरीवर तूर पाखडत होत्या. मी जाऊन उभी राहिले.

"इचार की," त्या म्हणाल्या. "कामून उभी ऱ्हायलीस खांबावानी?"

मी दादाचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. सगळं. मोठ्या जनावराचा उल्लेखही गाळला नाही, आलूंचाही नाही. वाचून होईपर्यंत सूप थांबलं होतं.

"माझ्या घरात?"

"नाही. तुम्ही सांगाल तिथे. आणि तुम्ही नाही म्हणालात तर कुठेच नाही. दादाला मी पिठलं-भाकरी वाढीन."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, "माझं भांडं न्हाई. माझी चूल न्हाई. माझ्या घागरीचं पाणी न्हाई. आणि धूर माझ्या दारात न्हाई. वड्याच्या पल्याड रान पडीक हाय. पुढचं तू जान."

आणि सूप पुन्हा सुरू. त्या हो म्हणाल्या की नाही म्हणाल्या, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. मग ठरवलं की ज्याला अटी आहेत ते 'हो'च असतं. 'नाही'ला अटी लागत नाहीत.

त्यांचं भांडं नको, हे सोपं. पण माझंही चालणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. माझा तवा परत कुठे येणार? त्यांच्याच भिंतीवर. म्हणजे भांडंच नको असा स्वयंपाक हवा. आणि तेव्हा मला आठवलं. बिदरला किल्ल्याजवळच्या गल्लीत एका लग्नात अंगणातच तापल्या दगडावर गोश्त भाजत होते. तू नाकाला पदर लावून पुढे पळालीस आणि मी मान वळवून बघत राहिले होते. दगड! तो घरात यायचाच नाही. रानातला रानात राहील.

पहिला दगड फसला, तेही सांगते. आपल्याकडे दगड म्हटलं की हात तांबड्या चिऱ्याकडेच जातो. घरं त्याची, विहिरी त्याच्या. मीही तसाच एक सपाट चिरा घेतला. तालीम मांसाची करणं बरोबर नव्हतं, परवानगी एकाच दिवसाची होती, म्हणून वांग्याचे काप घेतले. खाली तुराट्या पेटवल्या. चिरा तापला, त्याच्या भोकाभोकातून वाफ सुटली आणि फाडकन दोन तुकडे झाले. वांगी राखेत. मग डोकं चालवलं. तांबडा दगड पाणी पितो, तेच पाणी आत उकळून त्याला फोडतं. तेव्हा न पिणारा दगड हवा. हुमनाबादच्या रस्त्याच्या कामावर काळ्या दगडाच्या फरश्या पडल्या होत्या. मुकादमाला विचारून एक घेतली. त्यानं विचारलं, "बाई, देव बसवायचाय काय?" मी म्हटलं, "नाही, भाऊ बसवायचाय." फरशीवर पाणी ओतलं, ते नुसतं ओघळून गेलं. मंद आचेवर हळूहळू तापवली, तडा नाही. वांग्याचे काप दोन्ही अंगांनी लाल झाले. मी ते तिथेच उभ्यानं खाल्ले, आणि निलम्मा, मला पहिल्यांदाच वाटलं की हे मला जमणार आहे.

वाऱ्याचंही बघितलं. काठीला कापसाचा धागा बांधून रोज सकाळी उभी राहते. वारा घराकडून रानाकडे जातो. सकाळी सुरू केलं तर धूर अव्वांच्या दारात येणार नाही. पाण्यासाठी नवं मडकं घेतलं, ते तिथेच फोडीन. ताटाऐवजी पळसाची पानं. राहिली कच्ची पपई. तिनं मांस मऊ पडतं, पण झाड अव्वांचं. मी म्हणाले, "अव्वा, एक कच्ची पपई हवी होती. कशाला ते सांगते..." त्यांनी मला थांबवलं. "नको सांगू. झाडावरनं उतरली की तुझी."

बटाटे मात्र मी राखेत भाजणार आहे, तसं अव्वांनाही सांगितलं. तळायला कढई लागते आणि कढई नाही. दादाची निम्मी इच्छा राहील. राहू दे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. परवा अव्वांनी माळ्यावरची मोठी कढई उतरवली, चिंचेनं घासली, उन्हात पालथी घातली. काल माझ्या खोलीत येऊन विचारलं, "तुझी पेटी लई जड हाय काय ग? हालवाया येती?" तेव्हापासून त्यांचे दीर सिद्धप्पा काका दोनदा येऊन हळू आवाजात बोलून गेले. घर धुऊन काढायची तयारी दिसते आणि माझी पेटी बाहेर. असेल तसं असो. त्यांनी तोंडानं सांगेपर्यंत मी माझं ठरलेलं करणार.

तुझा शब्द मी मोडला नाही. उंबऱ्याच्या आत काही येणार नाही.

तुझी,
वच्छला


गुलबर्गा,
ता. २२ जानेवारी १९५४

वच्छला,

आज मायना लिहायला मन होत नाही.

मावशीच्या नावानं कानडीत पत्र आलं आहे, अक्षर सिद्धप्पा काकांचं. त्यात असं आहे: "तुझ्या मैत्रिणीनं आमच्या रानात मांस शिजवलं. धूर आमच्या खळ्यावर आला. लिंगायतांच्या घराला असा डाग आजवर लागला नव्हता. तू शब्द दिलास, आता तूच ये आणि तुझी वस्तू घेऊन जा."

तुझी वस्तू म्हणजे तू.

सासूबाईंनी पत्र ऐकलं. संध्याकाळी त्या शेजारणीला सांगत होत्या की माणसानं दुसऱ्याची हमी घेऊ नये. तुला मी शपथ घातली होती. तू गुपचूप केलं असतंस तर आज कुणालाच काही कळलं नसतं. पण तुला खरं बोलण्याची हौस. त्या हौसेची किंमत आता माझ्या नावावर पडली.

मी अमावास्येनंतर येते. पेटी बांधून ठेव. शाळेचं काय करायचं ते तू बघ.

निलम्मा


हळ्ळीखेड,
ता. २६ जानेवारी १९५४

प्रिय निलम्मास,

आज शाळेत झेंडावंदन होतं, म्हणून दुपारी मोकळी आहे. पेटी बांधलेली नाही. का ते सांगते. मांसाबद्दल जिथे लिहीन तिथे तू डोळे मिटून पुढे जा.

दादा आला तो बिदरहून पहिल्या मोटारीनं, पळसाच्या पानांत बांधलेली मांडी घेऊन. तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. अव्वा आतून म्हणाल्या, "कोन, बाईचा भाऊ? बस. मोटारीत धक्के लई खाल्लास न्हवं? पाणी घे." आणि त्याला गूळ-पाणी दिलं, पायरीवर. मांडी तेव्हा बाहेर कडुनिंबाच्या फांदीला टांगलेली होती, तेही मी त्यांना सांगितलं.

आम्ही ओढ्यापलीकडे गेलो. दादाच्या चाकूनं मांसाचे बोटभर जाडीचे काप केले, गुळगुळीत गोट्यानं पानावर हलके ठेचले, पपईचा कीस थोडाच वेळ लावून ठेवला, कारण जास्त वेळ ठेवला तर लगदा होतो. मीठ, मिरी. बाकी काही नाही. फरशी तीन दगडांवर बसवली, खाली आधी तुराट्या पेटवल्या आणि मग बाभळीचे निखारे ओढले. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत कडेला जायला लागला, तेव्हा चरबीचा तुकडा फिरवला. दादा म्हणाला, "आता टाक. आणि टाकल्यावर हात लावू नको, साहेबांचा खानसामा लावत न्हाई." पहिला काप टाकला. चर्र! तो आवाज ऐकून दादानं डोळे मिटले.

आणि वारा फिरला.

इतके दिवस धागा धरून उभी राहिले होते, एकदाही फिरला नव्हता. धूर उठला तो सरळ ओढा ओलांडून सिद्धप्पा काकांच्या खळ्यावर आणि तिथून अव्वांच्या दाराकडे. मी बघत राहिले. आणि त्या धुरातूनच अव्वा येताना दिसल्या. डोक्यावर टोपली, मागे सिद्धप्पा काका हात हलवत बोलत.

मी म्हणाले, "दादा, विझव."

दादानं मडकं उचललं.

"आरं, विझवायलास कामून?" ओढ्याच्या घराकडच्या काठावरूनच अव्वा ओरडल्या. "ठेव ते मडकं!"

"अव्वा, धूर दारात आला," मी म्हणाले. "मी शब्द दिला होता."

"वारा तू बोलावलास व्हय?"

 त्या ओढा ओलांडून आल्या, धुराला पाठ करून एका दगडावर उभ्या राहिल्या आणि टोपलीवरचं फडकं काढलं. निलम्मा, टोपलीत आलू होते. बोटासारखे उभे कापलेले, दोनदा तळलेले, सोनेरी. मोठी कढई त्यासाठी उतरली होती. माझी पेटी हलवायची होती, कारण करडईच्या तेलाचा डबा तिच्या मागे होता!

"आलूनं काय पाप केलंय?" त्या म्हणाल्या. "तू राखंत भाजनार व्हतीस म्हनं. पत्रात तर तळलेले लिव्हलेते. आनि दोनदा. मी ऐकलंय. पान धर, पोरा, वरनं टाकते. माझ्या टोपलीला हात लावू नको."

दादानं उभ्यानंच पान धरलं. त्यांनी वरून आलू सोडले. मग दादा ते पान माझ्यापुढे ठेवायला निघाला, मग मीठ आणायला, मग मला पाणी द्यायला. तीन वर्षांची सवय, निलम्मा. तो बसेचना. मी दोनदा म्हटलं, "दादा, बस." तो म्हणायचा, "बसतो, तू आधी घे."

शेवटी अव्वाच कडाडल्या. "ए, पलटनीवाल्या! रोज हुभा राहून वाढतोस म्हनं. आज खाली बस. वाढनारी तुझी भन हाय."

दादा मांडी घालून बसला. मी फरशीवरचा काप त्याच्या पानावर ठेवला. त्यानं खाल्ला. मी विचारलं, "तसंच झालंय का?" तो म्हणाला, "मला काय ठावं? मी कधी खाल्लंय?" आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. मग म्हणाला, धूर लई हाय.

सिद्धप्पा काका इतका वेळ बांधावर उभे राहून "हे बरं न्हाई, वैनी, हे बरं न्हाई" म्हणत होते. अव्वांनी त्यांच्याही हातावर आलू ठेवले. त्यांनी ते रागारागानं खाल्ले. मग रागारागानं पुन्हा हात पुढे केला.

परत येताना मी विचारलं, अव्वा, तुम्ही त्या कारकुनाला अंड्यांसाठी घालवलं होतं ना? त्या थांबल्या. "अंड्यांसाठी न्हाई. त्यानं टरफलं माझ्या पूजेच्या जाईखाली पुरली. फुलं तोडाया माती उकरली तर हाताला लागली. चार महिनं मी त्या जाईची फुलं लिंगाला वाहिली व्हती." पुढे म्हणाल्या, "त्यानं इचारलं असतं तर मी रान दाखवलं असतं. तोंड व्हतं की त्याला."

तू मला गुपचूप कर म्हणालीस तेव्हा तुला फक्त अंडी माहीत होती, जाई माहीत नव्हती. म्हणून तुझ्यावर माझा राग नाही.

काल तुझं पत्र आलं. त्यात तुझ्या नाकाचा प्रश्न होता आणि अव्वांच्या नावानं आलेला मजकूर होता, तेव्हा ते त्यांना न सांगणं मला शक्य नव्हतं. मी ते वाचून दाखवलं. "तुझी वस्तू घेऊन जा" इथे आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग पदर खोचून शेजारच्या घरात गेल्या. भिंतीआडून मला इतकंच ऐकू आलं: "मी काय बोलले व्हते, सिद्धप्पा? आणि तू काय लिव्हलास?" 

परत येऊन म्हणाल्या, "कागद घे. आता तू लिव्ह."

मी म्हटलं, "अव्वा, मजकूर माझ्याबद्दल आहे. माझ्याच हातून बरा दिसेल का?"

"तुझ्याच हातनं बरा दिसंल," त्या म्हणाल्या. "तू सोताच्या इरोधातलं बी गाळत न्हाईस."

सोबत ते पत्र आहे. त्या कानडीत बोलल्या, मी मराठीत लिहिलं. जिथे मला शब्द नीट सापडला नाही तिथे तसं लिहिलं आहे.

तुझी,
वच्छला


हळ्ळीखेड,
ता. २६ जानेवारी १९५४

चि. निलम्मास रुद्रम्माचा आशीर्वाद.

बाई लिहिते आहे, मी बोलते आहे. सिद्धप्पाला मी चार गोष्टी सांगितल्या होत्या. बाईनं रानात मांस केलं, ही एक. धूर खळ्यावर आला, ही दुसरी. तिनं आधी विचारलं होतं, ही तिसरी. आणि तू ये, आलू कसे तळायचे ते मला कळलं आहे, तुलाही खाऊ घालते, ही चौथी. त्यानं पहिल्या दोन लिहिल्या आणि बाकीचं आपल्या मनचं लिहिलं. त्याला मी बोलले आहे. आता तो दोन दिवस माझ्याकडे येणार नाही. तिसऱ्या दिवशी आलू विचारत येईल.

धुराचा मला त्रास झाला. हेही लिही, बाई. मी घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि दुसऱ्यांदा पूजा केली. वास दोन दिवस नाकात होता. मला तो आवडला नाही आणि आवडणार नाही. (इथे अव्वांनी एक कानडी शब्द वापरला. तो 'आवडला नाही'पेक्षा कडक आहे. मला मराठीत सापडला नाही.)

तुझा शब्द गेला, असं तुझ्या सासूला वाटत असेल तर तिला हे पत्र वाचून दाखव. तू म्हणाली होतीस, उंबऱ्याच्या आत येणार नाही. ते आलं नाही. मी उंबऱ्यावर उभी होते, मला माहीत आहे. पुढच्या वेळी कुणाची हमी घ्यायची असेल तर अशाच माणसाची घे.

पेटी बांधायची नाही. शाळेतल्या पोरी कालपासून मला विचारतात, बाई जाणार काय? मी सांगितलं, बाईची पेटी जड आहे, माझ्यानं हलत नाही.

बाईचा भाऊ गेला. जाताना पायरीला हात लावून गेला. पोरगा चांगला आहे, बसायला मात्र शिकायला पाहिजे.

आणखी एक. त्या दिवसापासून बाई रोज विचारते, अव्वा, तो काळा दगड काय करू? तुमच्या रानात पडलाय, ओढ्यात टाकू का? मी सांगितलं, दगड आहे तिथेच राहू दे. ओढ्यात टाकलास तर भाऊ पुन्हा आल्यावर दुसरा शोधायला पुन्हा मुकादमाकडे जाशील, आणि तो पुन्हा विचारेल, देव बसवायचाय काय.

एवढंच.

(वाचून दाखवलं. अव्वा म्हणाल्या, बरोबर आहे, एवढंच बोलले होते. — वच्छला)